कारवानी घ्यायचंय? आधी त्याची आई बघा

"ताई, नर कुठला लावला होता?"

कारवानी कुत्र्याच्या पिल्लासाठी फोन आला की पहिला प्रश्न हाच. नरानं किती मैदानं, म्हणजे कुत्र्यांच्या शर्यती, मारली, उंची किती, पळतानाचा व्हिडिओ आहे का. मी म्हणते, आईला बघायला या. बापाचा फोटो कुणीही कुणाचाही पाठवतो, आई मात्र दारात उभी असते. निम्मे लोक तिथंच गार पडतात. उरलेल्या निम्म्यांना तेच तेच सांगून माझा घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी आटपाडी तालुक्यातली. मालक गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात, तिकडं तमिळनाडूत. घरी मी, सासरे, साडेतीन एकर भगवा डाळिंब आणि पाच कुत्री. सासऱ्यांना मी मामा म्हणते. मामांची उमर मेंढरांमागं गेली. दिवाळी झाली की वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घेऊन कृष्णाकाठाला उतरायचं, पाऊस पडला की परत माणदेशात. वाड्याबरोबर दोन कारवानी कायम. लांडगा आला की गावठी कुत्री भुंकायची आणि कारवानी सुटायची. मेंढरं गेली, कुत्र्यांची चाल राहिली. आता ती रात्री बागेत फिरतात. डाळिंब काढणीला आलं की चोर दोन पायांचे असतात, एवढाच फरक.

आमच्याकडं हा कारवानी. जत ओलांडून अथणी, जमखंडी करत मुधोळला पोचलात की तोच मुधोळ हाउंड, आणि केनेल क्लबच्या कागदावर कॅरव्हान हाउंड. कानाला-शेपटीला रेशमी झालर असली तर पशमी. मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांनी ही जात जपली, नावारूपाला आणली. २००५ साली टपाल तिकिटावर मुधोळ आला, २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि त्या आठवड्यात माझा फोन चार्जिंगवरून निघाला नाही. तेव्हा ज्यांनी हौसेनं नेली, त्यातली दोन पिल्लं वर्षाच्या आत 'परत घेता का' म्हणून दारात आली.

घ्यायच्या आधी

सांगलीच्या विश्रामबागेतून एकांचा फोन आला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. पळवणार कुठं? "टेरेस मोठा आहे की." मी पिल्लू दिलं नाही. हा कुत्रा नजरेनं शिकार करणाऱ्या जातीचा. वासावर रेंगाळत नाही, हललेलं काही दिसलं की सुटतो आणि सुटला की तुमची हाक त्याच्या कानाबाहेर. रोज सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर चालणं, आणि दोन-तीन दिवसांतून एकदा मोकळं, सपाट, बंदिस्त रान. एवढं जमत नसेल तर गावठी पाळा. तो जास्त शहाणा असतो आणि तुमचं घर त्याला पुरतं.

राखणीला एकटा कारवानी ठेवू नका. तो फार भुंकत नाही. आमच्याकडं मोत्या म्हणून गावठी आहे, तो बोंब ठोकतो, मग बाकीची उठतात. मोत्याला कुणी विकत मागत नाही. खरं काम त्याचंच.

आणि सशामागं सोडायला कुत्रा मागणाऱ्या पोरांनी फोनच करू नये. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ससा आहे, हरीण आहे, घोरपड आहे, कोल्हा आहे. 'आमच्या आज्यापासून चालतंय' हे वनखात्यापुढं चालत नाही. मामा स्वतः सांगतात की तरुणपणी त्यांनी सशावर कुत्री सोडली. आता ससा दिसला तर ते कुत्र्याचा पट्टा आवळून उभे राहतात. डाळिंबाच्या कोवळ्या रोपांची साल ससा खातो, तरीसुद्धा. रोपांना खालून गोणपाट गुंडाळलं की भागतं.

आई कशी बघायची

सांगून जाऊ नका, किंवा सांगितलंत तर तासभर आधी पोचा. पाहुणे येणार म्हणून धुतलेली, बांधलेली कुत्री काही सांगत नाही. ती मोकळी असताना बघा. परक्याला बघून चार पावलं मागं सरकली, मान वळवली, तर ते ठीक. ही जात पहिल्या भेटीत गळ्यात पडत नाही. पण खाटेखाली घुसून थरथरत असेल किंवा दात काढून अंगावर येत असेल, तर परत फिरा. आई भित्री असली की पिल्लं तिच्याकडं बघून दोन महिन्यांत भीती शिकतात, बाप कितीही मैदान मारणारा असो.

मग तिचं अंग. छाती कोपरापर्यंत खोल, पोट वर ओढलेलं, पाठ लांब, मांडीला गच्च मांस. पायाची बोटं लांबट आणि मिटलेली हवीत. पसरट पंजाचं कुत्रं दगडाळ माळावर टिकत नाही. दात बघा, हिरड्या गुलाबी आहेत का बघा. हे वर्षातलं कितवं वेत, तेही विचारा. वर्षात दोन वेतं काढणाऱ्याकडनं मी तर पाणीसुद्धा पिणार नाही.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत घ्यायचं नाही. कायदाही तेच म्हणतो, पण कायद्याआधी आई म्हणते. चौथ्या-पाचव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांना चावतात, आई गुरकावते, आणि किती जोरात चावायचं ते तिथं कळतं. तीस दिवसांचं पिल्लू नेलंत तर ते धडे तुमच्या हातावर होतात. मादीपाशी बसून मागं एक ताट टाका. दचकून लगेच बघायला येणारं पिल्लू चांगलं. कोपऱ्यात तोंड घालणारं नको, आणि सगळ्यांना तुडवत येणारंही पहिल्यांदा पाळणाऱ्यानं घेऊ नये. नर असेल तर दोन्ही गोळ्या खाली उतरल्यात का, बेंबी फुगली आहे का, पोट ढोलासारखं आहे का हे हातानं बघा. ढोल पोट म्हणजे जंत.

मैदानासाठी हल्ली ग्रेहाउंडचं, म्हणजे शर्यतीच्या विलायती कुत्र्याचं, रक्त घालतात. बनावट ससा ओढतात त्यामागं थोड्या अंतरात तो कुत्रा कारवानीला ऐकत नाही, हे खरं. पण आमच्या उन्हात, सराट्याच्या रानात दिवसभर राहायला तो नाही. विकणाऱ्यानं मिश्र आहे म्हणून सांगावं, एवढंच माझं म्हणणं. मी स्वतः एकदा 'शुद्ध' म्हणून मोठे पैसे मोजून मादी आणली. वर्षभरात तिचे पातळ, अंगाला चिकटून बसलेले केस आणि वळलेला कान बघून मामा नुसते हसले.

मिश्र म्हणजे वाईट असंही नाही. इंग्लंड-आयर्लंडमध्ये तर पळणाऱ्या कुत्र्यात मेंढपाळ कुत्र्याचं किंवा टेरियरचं रक्त मुद्दाम घालतात, पळ एकाचा आणि डोकं दुसऱ्याचं म्हणून. त्याला लर्चर म्हणतात. आमच्याकडं हे मुद्दाम झालं नाही. माझी कारवानी मादी हरणी माजावर असताना मी पत्र्याचं दार नीट ओढलं नाही, आणि शेजारच्या वाड्यावरचं केसाळ धनगरी कुत्रं रात्री येऊन गेलं. त्या वेतातली चिमी आज माझी सगळ्यात हुशार कुत्री आहे. हाक मारली की पळता पळता वळते. शुद्ध कारवानीत हा गुण शोधून काढावा लागतो.

पहिलं वर्ष: वाढू द्या, पळवू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं. माझ्या धाकट्या भाऊजींनी सर्जा या आमच्या कुत्र्याला पाचव्या महिन्यात मोटरसायकलमागं पळवलं. डांबरी रस्ता, चार किलोमीटर. आठवड्यानं पुढचा पाय टेकेना. कोवळ्या हाडाच्या टोकाला जी वाढ होते, तिथंच दुखावलं होतं. सर्जा आज सहा वर्षांचा आहे आणि अजून तो पाय बाहेर फेकत चालतो. भाऊजी त्याच्याकडं बघत नाहीत.

वर्ष-सव्वा वर्षापर्यंत पिल्लाला त्याच्या मनानं खेळू द्या, मातीवर. दमलं की बसू द्या. गाडीमागं पळवणं नाही, ओझं बांधणं नाही, उंच कठड्यावरून उड्या नाहीत. कॅल्शियमच्या बाटल्याही नाहीत. खाणं नीट असेल तर जादा कॅल्शियमनं हाडं बळकट होत नाहीत, उलट वाढ बिघडून पाय वाकडे होतात.

या काळात शिकवायचं ते एकच, हाकेला येणं. दर वेळी हातात काहीतरी द्या, उकडलेल्या अंड्याचा तुकडा पुरतो. आला की बांधायचं असं करू नका; दहापैकी नऊ वेळा बोलवा, कुरवाळा आणि परत सोडा. कोंबड्या, शेळ्या, मेंढरं यांच्यात तिसऱ्या महिन्यापासून दोरीवर फिरवा. सहा महिन्यांनी कोंबडी पहिल्यांदा दाखवलीत तर ती कोंबडी गेली.

पट्टा दोन बोटं रुंद, आतून कापडाचं अस्तर. या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा अरुंद, साधा पट्टा मागं सरकलं की निघून येतो. साखळीनं तर मानेची कातडी सोलते. कुंपणाची जाळी सहा फूट. चार फुटांची हरणीनं गाभण असताना ओलांडली होती.

खाणं

ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, ताक, अंडी आणि खाटकाकडची वजडी किंवा कोंबडीचं मांस उकडून. पंचवीस किलोच्या कुत्र्याला मी दिवसाला तीन भाकरी, दोन अंडी आणि पावशेर ते दीड पाव मांस देते, दोन वेळा मिळून. कामाच्या दिवसांत मांस वाढवते, भाकरी नाही. नुसत्या भाकरी-दुधावर वाढलेला कारवानी दिसायला होतो, मांडी भरत नाही. शिजवलेलं हाड कधीच नाही, त्याच्या चिरफळ्या आतडं फाडतात. कांद्याची आमटी नाही. द्राक्षं आणि बेदाणा तर अजिबात नाही. तासगाव-कवठेमहांकाळच्या लोकांनी हे जास्त लक्षात ठेवावं, कारण शेडवर बेदाणा जमिनीला पडलेला असतो आणि मूठभरसुद्धा कुत्र्याची किडनी बंद पाडू शकतो.

शेवटच्या दोन-तीन बरगड्या दिसल्या पाहिजेत. कंबरेची हाडं किंचित जाणवली पाहिजेत. येणारा-जाणारा म्हणतो, "काय वो, कुत्र्याला उपाशी ठिवलंय का?" हसून सोडून द्या. बरगडी झाकली गेली की तो पळताना गुडघ्यावर भार घेतो. खाल्ल्यावर दोन तास पळवायचं नाही, खोल छातीच्या कुत्र्याचं पोट फुगून पीळ पडतो आणि मग डॉक्टरकडं पोचायलाही वेळ मिळत नाही.

माळावरचे धोके

टेंभू उपसा योजनेचं पाणी आलं, तालुका हिरवा झाला, त्याबरोबर प्रत्येक बांधावर काटेरी तार आली. मामांच्या काळात कुत्रं पाच मैल सुटायचं. आता पूर्ण वेगात तारेला धडकलं की छातीची कातडी कागदासारखी फाटते. या जातीची कातडी पातळ आणि खाली चरबी नाही. पळवायचं रान आधी स्वतः चालून बघा. फाटलंच तर मिठाच्या कोमट पाण्यानं धुवा, स्वच्छ फडकं गुंडाळा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडून टाके घालून घ्या. हळद-चुना भरून दोन दिवस थांबू नका. भूल देताना डॉक्टरांना सांगा की हे ग्रेहाउंडच्या अंगाचं कुत्रं आहे. अशा कुत्र्यांतून काही भुलीची औषधं लवकर उतरत नाहीत, आणि अंगात चरबी नसल्यानं भुलीत ती गारठतात. माझ्या एका कुत्र्याला शुद्धीवर यायला अख्खा दिवस लागला. तेव्हापासून मी पोतं आणि गोधडी घेऊनच जाते.

शेततळं हा दुसरा यम. प्लास्टिकच्या उतारावर कुत्र्याची नखं धरत नाहीत. पोहून पोहून दमतं आणि बुडतं. आमच्या तळ्यात चारी कोपऱ्यांना गाठी मारलेली जुनी जाळी पाण्यात सोडलेली आहे. पिल्लाला एकदा हातानं धरून त्या जाळीवरून वर यायला शिकवा. एकदा शिकलं की विसरत नाही.

दिवाळीच्या मागंपुढं कुसळ वाळतं. रोज संध्याकाळी कानात आणि बोटांच्या बेचक्यात बघायचं. कुसळ आत शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. चैत्र-वैशाखात सकाळी सातनंतर पळवणं बंद. लाळ घट्ट झाली, जीभ लालभडक, पाय लटपटले की सावलीत न्या, पोटावर-मांड्यांत साधं पाणी ओतत राहा, वारा घाला आणि तसंच डॉक्टरकडं.

गोचीड मेंढरांबरोबर येतेच. कुत्रं खाईना, ताप आला, हिरड्या पांढऱ्या पडल्या, नाकातून रक्त आलं, लघवी गडद झाली, यातलं एक जरी दिसलं तरी रक्त तपासून घ्या. मेंढरांचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचू नका. डोस चुकला की कुत्रं आंधळं होतं नाहीतर मरतं. लसी दीड-दोन महिन्यांपासून सुरू, दर तीन-चार आठवड्यांनी, चौथा महिना संपेपर्यंत. रेबीज तिसऱ्या महिन्यात आणि पुढं डॉक्टर सांगतील तसं दर वर्षी. पार्व्होनं, म्हणजे उलट्या-जुलाबाच्या साथीनं, अख्खं वेत गेलेलं मी बघितलंय, शेजारच्या गावात. आठ दिवस त्या घरापुढून जाववत नव्हतं.

वेत घ्यायचं असेल तर

पहिल्या माजाला मादी भरवू नका. दोन वर्षांची होऊ द्या. रक्त दिसल्यापासून साधारण नवव्या ते चौदाव्या दिवसात ती शेपूट बाजूला करून उभी राहते. तेव्हा एक दिवसाआड दोनदा. अडकली की अर्धा तासही लागतो, ओढू नका, पाणी मारू नका. नंतरही माज संपेपर्यंत कोंडा, कारण एका वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. माझ्या वहीत प्रत्येक मादीची आई, आजी, नर आणि तारीख आहे. पंचक्रोशीत एकच नामांकित नर सगळ्यांनी लावला की चार वर्षांनी भाऊ-बहिणीच लावत बसतो, आणि मग दोन-दोन पिल्लं, तीही मरतुकडी.

दिवस त्रेसष्ट, चार-पाच मागंपुढं. शेवटच्या आठवड्यात सकाळ-संध्याकाळ ताप मोजा. एरवी १०१-१०२ असतो. ९९ च्या खाली आला की चोवीस तासांत व्यायला बसते. जोराच्या कळा देऊन अर्ध्या-पाऊण तासात पिल्लू आलं नाही, दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले, किंवा पहिल्या पिल्लाआधी हिरवं पाणी आलं, तर थांबू नका. पहिले दोन आठवडे पिल्लांना स्वतःची ऊब धरता येत नाही. माघाच्या थंडीत वर बल्ब टांगा, पण आईला बाजूला होता येईल अशी जागा ठेवा. डाळिंब तोलायच्या काट्यावर मी रोज पिल्लं तोलते. एक दिवस वजन वाढलं नाही तर बघायचं, दोन दिवस नाही तर डॉक्टर.

हरणीच्या दुसऱ्या वेताला आठ पिल्लं होती. गाभण असल्यापासून मी रोज कॅल्शियम पाजत होते, सगळे सांगतात म्हणून. अठराव्या दिवशी रात्री ती पिल्लांत बसेना, येरझाऱ्या घालायला लागली, धापा टाकत होती. मला वाटलं उकडतंय. तासाभरात पाय काठीसारखे ताठ झाले आणि ती आडवी पडून थरथरायला लागली. मामांनी गाडी काढली, मी मागं तिला मांडीवर घेऊन. अंगाला हात लावला तर चटका बसत होता. डॉक्टरांनी शिरेतून हळूहळू कॅल्शियम सोडलं, प्रत्येक थेंबाला छातीवर नळी लावून ठोके ऐकत. अर्ध्या तासात तिनं मान उचलली. मग मला समजावलं: गाभणपणी वरून कॅल्शियम दिलं की शरीर स्वतःच्या हाडातून काढायची सवय सोडतं, आणि दूध भरात आलं की नेमकं तेव्हा कमी पडतं. म्हणजे माझ्याच हातानं झालं होतं. गाभणपणी आता मी कॅल्शियम देत नाही. पाचव्या आठवड्यानंतर खाणं वाढवते आणि व्याल्यावर चारदा खायला घालते, पाहिजे तेवढं. त्या रात्रीनंतर दीड दिवस आठ पिल्लांना बाटलीनं पाजलं, शेळीचं दूध आणि अंड्याचा बलक. दर तीन तासांनी. मालकांचा फोन आला तेव्हा मी उभ्यानं झोपले होते.

पिल्लांना दुसऱ्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध, आईलाही त्याच दिवशी. चौथ्या आठवड्यापासून पातळ खिमा-भात. आठ आठवडे झाले की द्यायला सुरुवात करते, पण एका दिवशी सगळी नाही. दिवसाआड एक-एक. नेणाऱ्याला लसीची तारीख, जंताची तारीख आणि आईच्या अंथरुणातला गोणपाटाचा तुकडा देते, पहिल्या तीन रात्री पिल्लाखाली टाकायला. वर्षात एक वेत, आणि एका मादीची आयुष्यात तीनच. बाजारात याला वेडेपणा म्हणतात.

शेवटचं पिल्लू गेलं की आईचं खाणं पहिल्या दिवशी निम्मं करा, मग आठवडाभरात हळूहळू पूर्वीवर आणा. थानं दाबून दूध काढू नका, काढलं की अजून येतं. थान दगडासारखं कडक आणि गरम लागलं तर मात्र डॉक्टरला दाखवा. दोन दिवस ती खोलीत जाऊन कोपरे हुंगते. जाऊ द्या, दार उघडं ठेवा. तिसऱ्या दिवशी पहाटे पट्टा घालून बांधावर न्या, नुसतं चालवा. थानं सुकेपर्यंत पळवायचं नाही.